बिडाचा तवा, कढई, स्किलेट: रोजच्या स्वयंपाकात कितपत परवडतं?

पावसाळी

नमस्कार मंडळी. गणपतीत राजापूरच्या घरी माळा आवरताना आजेसासूबाईंचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा सापडला. फूटभर रुंद, दोन कान, मध्ये किंचित खोलगट, आणि वर तांबूस गंज इतका की हात लावला की बोटं विटकरी. सासूबाईंनी तो पदराने पुसला आणि म्हणाल्या, "लग्न होऊन आले त्या दिवसापासून याच्यावर घावणं घातली. नॉनस्टिक आणला आणि हा वर गेला." मला तो तिथे ठेववेना. पुण्याला घेऊन आलेय.

आता खरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने बिडाचं एक स्किलेट (दांड्याचा खोलगट तवा) मागवलं होतं, आधीच सीझन केलेलं, म्हणजे तेल लावून तापवून तयार केलेलं, असं लिहिलेलं. पहिल्याच आठवड्यात त्यात टोमॅटोची चटणी केली, ती काळपट झाली, चवीला लोखंडासारखी लागली. दुसऱ्या दिवशी घरकामाच्या मावशींनी ते तारेच्या घासणीने लखलखीत करून पालथं घातलं. संध्याकाळी त्यावर गंजाचे ठिपके. त्यांची काहीच चूक नाही, मी सांगायला हवं होतं. पण ते स्किलेट तेव्हापासून ओट्याखाली आहे.

घरात आम्ही चौघं, दोघंही नोकरी करतो. सकाळी पोळ्या आणि डबे, रात्री कधी भाकरी, रविवारी डोसे किंवा थालीपीठ. हा तवा जिवंत करता येईल का? आणि आला, तर आमच्यासारख्या घरात तो टिकेल का? ज्यांनी वापरून सोडून दिला त्यांचंही ऐकायचंय.

चुलीपाशी

पावसाळीताई, तवा वाया गेलेला नाही. बीड गंजतं ते वरवर. खड्डे पडले नसतील आणि तडा नसेल तर काही बिघडलं नाही. तडा आहे का ते असं बघा: तवा एका कानाला धरून अधांतरी लटकवा आणि लाकडी लाटण्याने हलकेच मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर अखंड आहे. भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, मग गॅसवर चढवू नका.

आमच्याकडे (मालवण) नवा किंवा गंजलेला तवा असा तयार करतात. नारळाच्या शेंडीने आणि जाड मिठाने घासायचा. मग तांदळाचं धुवण किंवा पातळ पेज भरून रात्रभर ठेवायची. सकाळी पाणी काळं-तांबडं झालेलं दिसेल, ते ओतून पुन्हा नवीन. तीन दिवस. धुवण आंबतं, त्या आंबटपणाने गंज सुटतो. चौथ्या दिवशी धुऊन लगेच गॅसवर कोरडा करायचा, तेल लावायचं आणि कांद्याच्या जाड चकत्या टाकून त्या अगदी काळ्या होईपर्यंत तव्यावर फिरवायच्या. हे कांदे फेकायचे. असं दोनतीनदा.

पहिली पाचसहा घावणं चिकटणारच, तव्याला तेवढं द्यावं लागतं. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि प्रत्येक घावनाआधी तव्यावर फिरवायचा. वांग्याचा देठही चालतो. ब्रशने तेल जास्त लागतं, मग पीठ घसरतं आणि जाळी पडत नाही.

ओतशाळा

मी कोल्हापूरचा, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीमध्ये बावीस वर्षं काढली. आम्ही तवे करत नाही, पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओततो, पण धातू तोच. थोडं मुळातून सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न सुटतील.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. साध्या पोलादात तो एका टक्क्याच्याही खाली. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, कार्बनमुळे बीड साधारण १२०० च्या आसपासच वितळतं आणि वाळूच्या साच्यात छान वाहतं. म्हणून ओतकामाला ते सोयीचं. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, आपल्या भागातल्या ओतकामाच्या जुन्या कामांपैकी ते एक.

पण तोच कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो आणि त्यामुळे बीड ठिसूळ. पत्र्याचा लोखंडी तवा पडला तर वाकतो, बिडाचा पडला तर तुटतो. तापलेल्या तव्यावर नळाचं गार पाणी सोडलं तर तडकतो. मी माझ्या आईचा तवा असाच घालवला आहे. भाकऱ्या झाल्या होत्या, घाई होती, मी तो सरळ नळाखाली धरला. 'टक्' असा एकच आवाज. आई काही बोलली नाही, दोन तुकडे उचलून परसात ठेवले. ते अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं" असं सर्रास लिहिलेलं असतं. ते चूक आहे. उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियम बिडाच्या कितीतरी पुढे आहे. बिडाचा गुण वेगळा: ते उष्णता धरून ठेवतं. ३० सेंमी व्यासाचा, ५ मिमी जाडीचा सपाट तवा घ्या. बिडाचा असेल तर वजन अडीच किलो, ॲल्युमिनियमचा असेल तर किलोच्या आत. त्या वजनात उष्णता साठलेली असते. थंड पीठ ओतलं तरी तवा गार पडत नाही. म्हणूनच घावनाला, डोशाला जाळी पडते.

आणि म्हणूनच घाई चालत नाही. मोठ्या आचेवर ठेवलात तर बर्नरच्या ज्योतीवरचं गोल कडं तापतं आणि कडा गार राहतात. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं द्या, मधूनमधून तवा फिरवा. एवढं केलंत तर अर्ध्या तक्रारी येणारच नाहीत.

पावसाळी

चुलीपाशी, ओतशाळा, दोघांचे मनापासून आभार. आत्ताच लाटणं मारून बघितलं, छान घुमला! लेक धावत आली, तिला वाटलं देवघरातली घंटा. आजपासून धुवण भरून ठेवते.

खमंग

माझं मत जरा वेगळं, आणि ते आठ वर्षं वापरून झालेलं आहे. बीड प्रत्येक पदार्थाला चांगलं नसतं.

पोळ्यांसाठी मी ते सोडून दिलं. पोळीला तवा चटकन तापणारा आणि आच कमी केली की चटकन उतरणारा लागतो. बिडाचा तवा एकदा जास्त तापला की गॅस बंद केला तरी पुढच्या दोन पोळ्या करपतात. पोळीला पत्र्याचा लोखंडी तवाच बरा. ज्वारीच्या भाकरीलाही मला तोच सोयीचा वाटतो, कारण भाकरीच्या पाठीला पाणी लावून उलटताना आच कमीजास्त करावी लागते.

पण थालीपीठ! तिथे बिडाला तोड नाही. थालीपीठ थापून मध्ये एक आणि भोवती चार भोकं पाडायची, त्यात थेंब थेंब तेल, वर झाकण, आच बारीक. पाच मिनिटांनी झाकण काढलं की खालची बाजू एकसारखी तांबूस, कुठे काळी नाही, कुठे पांढरी नाही. पुरणपोळीही तशीच, मंद आणि स्थिर आच तिला मानवते. आप्पे तर बिडाच्या पात्रातच करावेत, नॉनस्टिकमध्ये त्यांची कड कुरकुरीत होतच नाही.

आणि लोखंडी कढईतलं पिठलं. तळाला जी खरपुडी धरते ती उलथन्याने खरवडून काढायची आणि ज्याने भांडं घासायचं त्याने खायची, हा आमच्या घरचा नियम होता. भांडं घासायला भांडणं होत.

दूरदेशी

ओहायोहून. इथे बिडाला वेगळाच इतिहास आहे. लॉज कंपनी टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गमध्ये १८९६ पासून ओतकाम करतेय आणि अजून तिथेच आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ईरीचं ग्रिसवोल्ड आणि आमच्याच राज्यातल्या सिडनीचं वॅगनर ही जुनी नावं, त्यांची स्किलेट आता जुन्या वस्तूंच्या दुकानात शोधावी लागतात. मला वॅगनरचं एक मिळालं. जुन्या भांड्यांचा पृष्ठभाग ओतल्यावर घासून गुळगुळीत केलेला असे, आत्ताची बहुतेक स्किलेट वाळूच्या कणांसारखी खरखरीत येतात. त्या गुळगुळीत स्किलेटवर माझं धिरडं न चिकटता निघतं.

एक इशारा. जुनं भांडं घेताना त्यात आधी काय केलं होतं ते कळत नाही. इथे काही लोक जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसं वितळवत, मासेमारीची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला. शिशाची तपासणी केल्याशिवाय अनोळखी माणसाचं जुनं भांडं मी स्वयंपाकात वापरणार नाही. पावसाळीताईंच्या तव्याची गोष्ट वेगळी, तो घरचाच आहे.

सीझनिंगबद्दल: मी भांडं धुऊन, ओव्हनमध्ये कोरडं करून, तेलाचा अगदी पातळ हात देते आणि मग कोरड्या कापडाने ते सगळं तेल पुसून काढते, जणू चुकून लावलं होतं. मग पालथं घालून २३० अंशांना एक तास. असं तीनदा. तेलाचा थर जाड राहिला तर तो चिकट होतो आणि डिंकासारखा हाताला लागतो, पहिल्यांदा सगळ्यांची हीच चूक होते. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो.

काचेच्या शेगडीवर मात्र स्किलेट सरकवू नका, उचलून ठेवा. चरे पडतात.

रसायनवाट

दूरदेशींनी सांगितलं त्यामागचं कारण असं. तेल तापलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि एक कडक, काळा, पातळ थर लोखंडाला घट्ट धरून बसतो. तो थर म्हणजे आता तेल नव्हे. म्हणूनच "साबण लावला की सीझनिंग जातं" हे आजच्या भांड्यांच्या सौम्य लिक्विडला लागू होत नाही. पूर्वीच्या दाहक सोड्याच्या साबणाला ते लागू होतं. थोडं लिक्विड, मऊ स्पंज, लगेच कोरडं करणं, यात काही धोका नाही. तारेची घासणी, डिशवॉशर आणि रात्रभर सिंकमध्ये पडणं, हे तिन्ही टाळा.

जवसाच्या तेलाचा इंटरनेटवर फार बोलबाला आहे. त्याचा थर सुंदर काळा होतो, पण तो कडक आणि ठिसूळ असल्याने पुढे पापुद्रे सुटल्याचे अनुभव खूप लोकांचे आहेत, माझाही आहे. आपलं रोजचं शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल पुरतं.

टोमॅटोची चटणी काळी पडली, त्याचं कारण आम्ल. टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक, लिंबू हे सगळे लोखंड विरघळवतात, आणि सीझनिंग कच्चं असेल तर जास्तच. वांगं किंवा केळफूल काळं पडतं त्याला त्यातले टॅनिन कारणीभूत असतात, लोखंडाशी मिळून ते शाईसारखा काळा रंग देतात. पूर्वीची लिहायची शाई याच क्रियेतून होत असे. ते विषारी नाही, पण ताटात बरं दिसत नाही. आमटी, सार, कढी स्टीलमध्येच करा. आणि काहीही शिजवलं तरी ते बिडात ठेवून देऊ नका, झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

आहारवही

मी आहारतज्ज्ञ आहे. जे "चवीला लोखंडासारखं लागलं" ते खरोखर लोखंडच होतं, आणि त्याला दुसरी बाजू आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात फार कमी शोषलं जातं, त्यामुळे ही गरज भरणं अवघड असतं. अमेरिकेत १९८६ साली लोखंडी भांड्यांत पदार्थ शिजवून लोह मोजलं गेलं. सफरचंदाच्या आंबट सॉसमध्ये १०० ग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅमही लोह नव्हतं, ते ७ मिलिग्रॅमच्या वर गेलं. इथिओपियात लहान मुलांच्या घरी लोखंडी भांडी देऊन केलेला अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजणाऱ्या घरांपेक्षा या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलेलं दिसलं.

पण हे नीट समजून घ्या. आंबट, पातळ आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थांत लोह जास्त उतरतं. दोन मिनिटांत निघणाऱ्या डोशात फारसं नाही. तवा जितका छान मुरलेला, तितकं लोह कमी. म्हणजे न चिकटणारा काळाभोर तवा आणि भरपूर लोह या दोन गोष्टी एकाच भांड्यातून एकदम मिळत नाहीत. म्हणून मी पालेभाजीला साधी लोखंडी कढई वापरायला सांगते, वर लिंबू पिळून, आणि जेवणाला लागून चहा टाळून. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या थांबवून कढईवर विसंबू नका, कळकळीची विनंती.

धाकटी_माई

आहारवहीताईंच्या मुद्द्याला जोडून एक सांगायलाच हवं. माझ्या बहिणीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातून आलेलं जादा लोह शरीराबाहेर काढायला औषध घ्यावं लागतं. तो आमच्याकडे राहायला आला होता, मी कौतुकाने लोखंडी कढईत मेथी आणि टोमॅटोची भाजी करत होते. त्याच्या डॉक्टरांनी आहाराची वही पाहिली तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं. घरात थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा दुसरा काही आजार असेल, तर लोखंडी भांड्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. "लोखंड सगळ्यांना चांगलं" असं सरसकट म्हणू नका.

अण्णा_सातारकर

मी ७१ वर्षांचा आहे. सौ. गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. तिचा बिडाचा तवा माझ्या मनगटांना आता झेपत नाही. संधिवात आहे. एका हाताने तवा उचलून तिरका करणं जमत नाही, आणि गरम तवा हातातून सुटण्याची भीती वाटते. त्याच्या फायद्यांबद्दल तुम्ही सगळे लिहिता ते मला मान्य आहे. वजन उचलण्याबद्दल मात्र कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिलं. तवा घेताना घरात जो उचलणार आहे त्याच्या हातात द्या.

ओतशाळा

अण्णा, तुमचं अगदी खरं आहे. माझ्याकडून सुटलं ते. एक सुचवू का? तो तवा उचलूच नका. शेगडीवरच कायमचा ठेवा, तिथेच गरम असताना उलथन्याने खरवडा, थोडं कोमट पाणी शिंपडा, कापडाने पुसा, तेलाचा हात द्या. माझे वडील शेवटी शेवटी असंच करायचे. आणि आठ-नऊ इंची बिडाचा तवा मिळतो, वजन फूटभर तव्याच्या साधारण निम्मं. एकट्यासाठी तो पुरेल.

खमंग

नॉनस्टिकबद्दल कोणीतरी विचारणार, म्हणून आधीच. चांगल्या स्थितीतला नॉनस्टिक तवा मध्यम आचेवर वापरायला मला हरकत वाटत नाही, मी अंड्याला अजून तोच वापरते. पण तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नये. २६० अंशांच्या वर त्याचा लेप खराब व्हायला लागतो, आणि त्या धुराने घरातले पाळीव पक्षी मरतात. आमच्या शेजाऱ्यांकडे पोपट आहे म्हणून हे मी वाचून काढलं. शिवाय तो दोन-तीन वर्षांत फेकावा लागतो. बिडाचा तवा नातीपर्यंत जातो, हे पावसाळीताईंच्या माळ्यानेच दाखवलं.

पावसाळी

बारा दिवसांनी लिहितेय.

तीन दिवस धुवण बदललं. पहिल्या दिवशीचं पाणी चहासारखं, तिसऱ्या दिवशीचं जवळजवळ स्वच्छ. कांदे जाळले, घरभर वास झाला. मग दूरदेशींच्या पद्धतीने तेल लावून पुसून काढलं. ओव्हन लहान आहे, म्हणून गॅसवरच मंद आचेवर धुरावेपर्यंत तापवला, चार वेळा.

रविवारी घावणं घातली. पहिलं तव्यालाच चिकटलं, दुसरं तुटलं, तिसरं अर्धं निघालं. चौथ्याला मी आच कमी केली आणि घाईने उलथनं घातलं नाही. कडा आपोआप सुटून वर आल्या. उलथनं घातलं आणि घावन अख्खं हातात. मध्ये बारीक जाळी, कागदासारखं पातळ. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी तवा नीट दाखवायला सांगितला, जवळ, अजून जवळ, आणि मग म्हणाल्या, "डावीकडच्या कानाजवळ जरा गार राहतो तो. तिथलं घावन अंमळ उशिरा काढ." चाळीस वर्षांपूर्वीचं त्यांच्या लक्षात होतं! आणि खरंच, तिथलं पाठीला पांढरं राहत होतं.

अण्णा, तुमचं वाचून मी दोन्ही हातांनी कान धरूनच उचलते. पोळ्यांना पत्र्याचा तवा, सार-आमटीला स्टील, आणि हा रविवारचा, असं ठरवलंय. मावशींना दाखवून ठेवलाय, त्या म्हणाल्या त्यांच्या गावी पण असाच होता आणि तो कोणी सिंकजवळ नेत नसे. ओट्याखालचं स्किलेटही बाहेर काढलंय, आत्ता त्यात तांदळाचं धुवण आहे.

एक प्रश्न राहिला: पावसाळ्यात राजापूरला नेला तर तेल लावून कागदात गुंडाळून ठेवू का, की हवा लागू द्यावी?

चुलीपाशी

कागदात नको ताई, कागद दमट होतो. तेलाचा हात देऊन चुलीच्या वरच्या फळीवर उभा ठेवा, तिथे ऊब असते. आणि श्रावणात निदान एकदा घावणं घाला, म्हणजे पुसायची वेळच येणार नाही.